ती नळी कुठे गेली?

हसू नकोस, आधी उत्तर दे. डिकीच्या उजव्या कोपऱ्यात, बॅटरीच्या ट्रेपाशी, एक बारीक रबरी नळी होती. तिचं एक टोक जुन्या बॅटरीला जोडलेलं, दुसरं डिकीच्या तळातल्या भोकातून खाली रस्त्याकडे सोडलेलं. तू पाठवलेल्या फोटोत नवी बॅटरी चकाकते आहे, तुझा अंगठा वर आहे आणि ती नळी बाजूला लोंबकळते आहे. वर लिहितोस, "सर, ही कशाला लावायची कळलं नाही, म्हणून सोडून दिली." ज्या वस्तूचं काम कळत नाही ती सोडून द्यायची, हे तुला डिप्लोमाच्या कुठल्या वर्षाला शिकवलं होतं? ऑटो इलेक्ट्रिकल तर मीच घेत होतो.

न्यू जर्सीत नोकरी लागली, घर झालं, हौसेनं १९९१ची मियाटा घेतलीस. चांगलं केलंस. गाडीची निवड उत्तम आहे, त्यात मला खोड काढायची नाही. ब्रिटिशांची एमजीबी १९८० साली बंद पडली आणि दोन माणसांची, हलकी, टप उघडणारी साधी गाडी जवळजवळ नामशेष झाली होती. ती माझ्दानं पुन्हा उभी केली आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात लोकांसमोर आणली. ब्रिटिश गाड्यांची मजा ठेवली, तेलगळती आणि वायरिंगचे लाड तेवढे वगळले. वजनाच्या बाबतीत त्या लोकांनी किती कंजुषी केली, हे तू मला स्वतः फोनवर अर्धा तास सांगितलंस. मग एवढी अभ्यासू मंडळी बॅटरी बॉनेटखालून उचलून थेट डिकीत का ठेवतील, हा प्रश्न तुला पडला नाही? इंजिन पुढे आहे. दहाएक किलोचा ऐवज मागे नेला, की पुढच्या आणि मागच्या चाकांवरचा भार सारखा होतो. ज्या वळणावर तू गाडीचं कौतुक करतोस, त्या वळणातला थोडा वाटा त्या कोपऱ्यातल्या बॅटरीचाही आहे.

आता पुढचा प्रश्न. बॅटरी बॉनेटखाली असली तर खालून वारा, पुढून वारा. पाणी टाकायची साधी बॅटरी तिथे सुखानं नांदते. डिकी बंद पेटी आहे. चार्जिंग संपत आलं की ॲसिडमधल्या पाण्याचं विघटन होतं, पॉझिटिव्ह प्लेटवर ऑक्सिजन सुटतो, निगेटिव्हवर हायड्रोजन. हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला की पेट घ्यायला तयार, आणि ७५ टक्क्यांपर्यंत तयारच. हे आकडे तू परीक्षेत लिहिले होतेस. मी मार्कही दिले होते. ते आता परत घ्यावेत का, असा विचार चालू आहे.

"पण सर, दुकानदार म्हणाला की मेंटेनन्स-फ्री आहे." अरे, मेंटेनन्स-फ्री म्हणजे वरून पाणी टाकायची झाकणं काढून टाकलेली. आत ॲसिड तसंच वाहतं आहे, वायू सुटतच राहतो आणि कडेच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतो. माझ्दानं कारखान्यातून दिलेली बॅटरी वेगळ्या जातीची होती. एजीएम. प्लेटांच्या मध्ये काचेच्या धाग्यांची गादी, ॲसिड त्या गादीत शोषलेलं. ऑक्सिजन त्या गादीतून पलीकडच्या प्लेटपर्यंत पोचतो आणि तिथे त्याचं पुन्हा पाणी होतं, त्यामुळे बाहेर जवळजवळ काही येत नाही. तरीही जास्त चार्ज झाला तर आतला दाब वाढतो आणि झडप उघडते. म्हणजे बॅटरी सीलबंद होती, वायू कोंडून ठेवणारी होती, आणि तरी त्या माणसांनी वर नळीची सोय केली. तू साधी बॅटरी बसवलीस आणि नळी मोकळी सोडलीस. दोन्ही कुलपं एका दुपारी उघडलीस.

गाडीला मोटारीची अँटेना असेल, तर तिची मोटारही त्याच डिकीत बसते. तिच्या ब्रशांशी ठिणगी पडते. रेडिओ लावला की अँटेना वर येते. पुढचं चित्र मी काढून दाखवणार नाही.

आणि तो वास! तू पत्रात शेवटी, सहज म्हणून लिहिलंस की डिकीत कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो, म्हणून सुगंधाची डबी ठेवली आहे. हे वाक्य मी दोनदा वाचलं. अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. तो येतो बॅटरी जरुरीपेक्षा जास्त चार्ज होते तेव्हा, नाहीतर एखादा सेल निकामी झाला असेल तेव्हा. बॅटरी नवी आहे, म्हणजे संशय पहिल्यावर. आता सांग, जुनी बॅटरी का गेली याची तू चौकशी केली होतीस? इंजिन चालू ठेवून टर्मिनलवर मीटर लावला होतास? साडेचौदा व्होल्टच्या आसपास हवेत. पंधराच्या वर जात असतील, तर अल्टरनेटरमधला रेग्युलेटर बिघडला आहे आणि तो पहिली बॅटरी खाऊन आता दुसरीला लागला आहे. दुसरी खाल्ल्यावर तू तिसरी आणशील आणि बरोबर आणखी एक डबी. रोग शोधायच्या आधी औषध आणायचं, आणि लक्षण दिसलं की त्यावर अत्तर शिंपडायचं. शाबास.

पुढे ते ६५०. लेबलवर ६५० छापलेलं पाहून तू हुरळलास, कारण शेजारच्या बॅटरीवर साडेतीनशेच होतं आणि किमतीत फारसा फरक नव्हता. तो आकडा काय सांगतो? उणे १८ अंश सेल्सिअसला, ३० सेकंद, तेवढे अँपियर देताना १२ व्होल्टच्या बॅटरीनं ७.२ व्होल्ट टिकवले पाहिजेत. एवढंच. थंडीत सेल्फ मारायची ताकद. तुझं इंजिन १.६ लिटरचं, चार सिलिंडरचं, ट्रक नव्हे. तेवढ्याच डब्यात जास्त अँपियर हवे असतील तर कंपनी प्लेटा पातळ करते आणि संख्येनं वाढवते. पातळ प्लेटा झटका जोरात देतात, पण पुन्हा पुन्हा पूर्ण उतरणं त्यांना सोसत नाही. आणि तुझी गाडी नेमकी उतरण्यातच आयुष्य काढते! डिसेंबर ते मार्च कापड घालून गॅरेजात. पावसात बाहेर नाही. रविवारी ऊन असेल तर वीस मिनिटं फिरवून परत आत.

वहीत आकडेमोड कर. घड्याळ, रेडिओची आठवण, इंजिनाचा कॉम्प्युटर मिळून २० मिलिअँपियर धरू. हे चोरटं खर्चाचं खातं गाडी बंद असतानाही चालू असतं. २० गुणिले २४ तास गुणिले ३० दिवस. १४.४ अँपियर-अवर. कारखान्यातली बॅटरी बत्तीसेक अँपियर-अवरची. म्हणजे काहीही न करता महिन्यात जवळजवळ निम्मी संपली. दोन महिन्यांनी तळाला. उतरलेल्या अवस्थेत राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात आणि ते नंतरच्या चार्जिंगनं सुटत नाहीत. शिवाय तुमच्याकडची थंडी. भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड कडाक्यातही गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीत बहुतेक पाणीच उरतं, ते उणे दहाच्या आसपास गोठतं आणि डबा फुटतो. तेव्हा साडेतीनशेची की साडेसहाशेची, हा वाद तुझ्या गाडीपुरता निरर्थक होता. हिवाळ्यात तिला सांभाळणारा चार्जर आहे की नाही, हे विचारायला हवं होतं. तू तो घेतलाच नाहीस, कारण सगळं लक्ष त्या आकड्यावर होतं.

लिथियमचा विचार मनात असेल तर आत्ताच काढून टाक. वजन दोन-चार किलो, हे खरं. पण लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल शून्य अंशाखाली चार्ज केला तर आत धातूचा थर साचतो आणि सेल कायमचा जातो. सॅन डिएगोला राहत असतास तर बोललो असतो.

टर्मिनलबद्दल बोलायलाच नको होतं, पण फोटो दिसतो आहे ना. जुन्या बॅटरीच्या पोस्ट बारीक होत्या, जपानी मापाच्या. तुझ्या नव्या बॅटरीच्या जाड आहेत, अमेरिकी मापाच्या. बारीक मापाचं टर्मिनल तू स्क्रूड्रायव्हरनं फाकवलंस आणि वरून हातोडी घातलीस. खुणा दिसतात. आपल्या वर्कशॉपमध्ये मारुतीच्या बॅटरीला याच बारीक पोस्ट होत्या आणि तिथे हातोडी उचलणाऱ्याला मी बाहेर काढत असे. काहींना आठवत असेल. पोस्टवर घाव बसला की खालचं शिशाचं जोडकाम तडकतं आणि पोस्टभोवतीचं सील ढिलं होतं, मग तिथून ॲसिड पाझरतं. खाली काय आहे? तीसएक वर्षं जपलेला डिकीचा पत्रा.

बॅटरी दाबून धरणारी पट्टी आणि तिचे आकड्यांचे बोल्ट कुठे आहेत, तेही विचारतो. उंची बसली नाही म्हणून पट्टी काढलीस आणि हुकवाली रबरी दोरी बांधलीस. वळणावर किंवा धडकेत ती बॅटरी उडाली आणि पॉझिटिव्ह पोस्ट पत्र्याला टेकली, की तारेतून शेकडो अँपियर जातात. उंची बसली नाही तेव्हाच कळायला हवं होतं की बॅटरी चुकीची आहे. गाडी तुला सांगत होती. पट्टी बसत नव्हती, टर्मिनल बसत नव्हतं, नळीला तोंड सापडत नव्हतं. तीन वेळा नाही म्हणाली. तू दोरी, हातोडी आणि अत्तर काढलंस.

आता करायचं काय ते लिहून घे. डिकी उघडी ठेव, गॅरेजचं दारही. अर्धा तास थांब. चार्जर किंवा दिवा लावायचा नाही. डोळ्यांना चष्मा. आधी निगेटिव्ह काढ, मग पॉझिटिव्ह. ट्रेखालचा पत्रा खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धू, फसफसलं तर ॲसिड सांडलं आहे असं समज, वाळव, रंग गेला असेल तर लगेच लाव. ही बॅटरी दुकानात परत दे. त्यांनी घेतली नाही तर निदान मोडीत दे, तुमच्याकडे जुन्या बॅटरीचे पैसे परत मिळतात.

नवी घेताना मियाटाच्या पहिल्या पिढीसाठी केलेली एजीएमच माग, आणि ती जुन्या मॅन्युअलशी ताडून बघ. कडेला नळीचं तोंड आहे का, पोस्ट बारीक आहेत का किंवा बरोबर जोड देतात का, पॉझिटिव्ह योग्य बाजूला आहे का, मूळ पट्टी वरून बसते का. उलट्या बाजूची आणलीस तर तारा ताणून जोडशील, तुझा भरवसा नाही. बनावटीची तारीख वाच. वर्षभर दुकानात पडून राहिलेली एजीएमही आतून म्हातारी झालेली असते. दुकानातच मीटर लावायला सांग, १२.८च्या जवळपास दिसले पाहिजेत. १२.४ दाखवत असेल तर दुसरी आणा म्हण, भीड धरू नकोस. एजीएमची सोय असलेला, पूर्ण भरल्यावर आपोआप व्होल्टेज खाली आणणारा चार्जर त्याच दिवशी घे. नळी बसव आणि खाली वाकून बघ, टोक खरंच बाहेर आलं आहे की कार्पेटखाली दुमडलं आहे.

पण हे सगळं मीटरच्या नंतर. रेग्युलेटर तपासल्याशिवाय नवी बॅटरी त्या गाडीत ठेवायची नाही. चांगली चार्ज केलेली एखादी बॅटरी मित्राकडून माग, तिच्यावर गाडी सुरू कर. ती अर्थात नळीशिवायच असणार, म्हणून डिकी उघडी ठेवून, गाडी अंगणात काढून. एक आकडा इंजिन बंद असताना, दुसरा इंजिन पंधराशे आरपीएमला, तिसरा हेडलाइट आणि ब्लोअर लावून. तिन्ही आकडे मला आज रात्री पाठव, दशांशासकट. "साधारण चौदा" असं लिहिलंस तर पुन्हा मोजायला लावीन.