माझ्या फोनमधली दुसरी माणसं

सायबर सुरक्षेच्या ऑनलाइन कोर्समध्ये पासवर्डच्याही आधी ‘थ्रेट मॉडेल’ शिकवलं. म्हणजे स्वतःला प्रश्न विचारायचे: मला काय जपायचंय? कोणापासून? ते गेलं तर माझं किती बिघडेल? प्रश्न चांगले आहेत. पासवर्ड मॅनेजर, टू-फॅक्टर वगैरे प्रत्येकाने एखादा रविवार घालवून शिकावंच. पण या सगळ्या प्रश्नांत एका बाजूला मी असतो आणि दुसऱ्या बाजूला चोर. माझ्या फोनमधली बाकीची माणसं कुठेच नसतात.

केंब्रिज अॅनालिटिका प्रकरण आठवा. फेसबुकने २०१८ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार, व्यक्तिमत्त्व चाचणीचं ते अॅप भारतात फक्त ३३५ जणांनी घेतलं होतं. माहिती बाहेर गेल्याची शक्यता मात्र ५,६२,४५५ जणांची. म्हणजे एकामागे सुमारे १,६८० माणसं! त्या ३३५ जणांचे पासवर्ड कितीही भक्कम असते तरी फरक पडला नसता, कारण चोरी झालीच नव्हती. अॅपने विचारलं, त्यांनी ‘हो’ म्हटलं. आणि ज्यांची माहिती गेली, त्यांना कोणी विचारलंही नाही.

दुसऱ्याच्या वतीने ‘हो’ म्हणायचा हक्क मला कोणी दिला?

कायदा इथे फारसा कामाचा नाही. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं. पण २०२३ चा डेटा संरक्षण कायदा व्यक्तीच्या निव्वळ घरगुती, वैयक्तिक वापराला लागू होत नाही. ते बरोबरच आहे म्हणा, नाहीतर वाढदिवसाचे फोटो ग्रुपवर टाकणाऱ्या प्रत्येक काकूला नोटीस काढावी लागेल. मग उरते ती आपली आपल्याशी असलेली जबाबदारी, आणि तिचा धडा त्या कोर्समध्ये नव्हता.

प्रत्येक वेळी प्रत्येकाला विचारणं शक्य नाही, हे मलाही कळतं. तरी टॉर्चच्या अॅपला कॉन्टॅक्ट्स कशाला हवेत, एवढं तर थांबून बघता येतं. भाचीचा गणवेशातला फोटो स्टेटसला लावण्याआधी ताईला विचारता येतं.

अवघड जातं ते माणसांशी. मावशीने कोणाचा नंबर मागितला आणि मी ‘विचारून देतो’ म्हटलं, की तिला ते परकेपणाचं वाटतं. तिचं चुकतं असंही म्हणवत नाही. स्थळ, नोकरी, भाड्याची खोली, आपल्याकडे सगळं अशा दिलेल्या नंबरांवरच चालतं. ती दोन दिवस फुगून बसते. मी तरीही आधी विचारतो.