वस्तू की सोबती?

२००८ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात काचेच्या पात्रात एक इवलासा कोट वाढत होता. ओरॉन कॅट्स आणि आयोनॅट झुर या कलावंतांनी तो उंदराच्या जिवंत पेशींपासून घडवला होता. प्राणी न मारता कातडे मिळेल काय, असा त्यांचा काहीसा उपरोधिक प्रश्न होता. पेशी अपेक्षेपेक्षा जलद वाढल्या, तेव्हा पोषणद्रव्य तोडून तो कोट संपवावा लागला. या निर्णयाने आपली झोप उडाली, असे प्रदर्शनाच्या संयोजिका पाओला अँटोनेली यांनी सांगितले. ज्याला ना डोळे ना काळीज, अशा वस्तूसाठी मन का कचरावे?

सजीवांना कामाला लावण्यात लाभ आहेच. २०१४ साली त्याच शहरात बुरशी आणि मक्याची धांडे यांच्या सुमारे १०,००० विटांचा मनोरा उभारला गेला. त्या विटांना भट्टी लागली नाही आणि काम संपल्यावर त्यांचे खत झाले. रेशमासाठी एरवी कोशातील जीव उष्णतेने मारला जातो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत २०१३ साली ६,५०० रेशीमकिड्यांनी एका सांगाड्यावर रेशीम विणले आणि त्यांना जिवंत उचलून पुढचे आयुष्य जगू दिले.

येथे दोन प्रश्न वेगळे केले पाहिजेत. जिवाला वेदना होते काय, हा पहिला. बुरशीला ती होते असे मानण्यास आधार नाही. तेव्हा तिच्या विटा करण्यात क्रौर्य नाही. परंतु आपण आरंभलेल्या जीवनाचे पुढे काय, हा दुसरा प्रश्न उरतोच. कोटाने झोप उडवली ती याच प्रश्नामुळे. उद्‌घाटनाच्या दिवशी हिरवीगार दिसणारी आणि पाण्यावाचून वाळून जाणारी भिंतही तोच प्रश्न विचारते.

मेघालयातील खासी लोकांनी त्याचे उत्तर कृतीने दिले आहे. वडाच्या कुळातील रबराच्या झाडाची मुळे ते ओढ्यापलीकडे वळवतात. भार पेलणारा पूल तयार होण्यास अनेक वर्षे लागतात. आरंभ करणाऱ्याला त्यावरून चालता येईलच असे नाही. झाड मात्र आपले जीवन जगतच राहते, आणि त्याच्या वाढीनेच पूल बळकट होतो.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात इतर जिवांना माणसाच्या उपयोगापलीकडचे मोल असल्याचे म्हटले आहे. हे मोल मान्य केल्याने उपयोग थांबत नाही; त्याला मर्यादा येते. जिवंत घर बांधणाऱ्याने त्याचे मालक होण्याआधी राखणदार होण्याची तयारी ठेवावी.