सवयीची किंमत

मधल्या सुट्टीत एका मुलाच्या डब्यात पोळी, उसळ आणि फळाची फोड असते. दुसऱ्याच्या हाती पाच रुपयांचे वेफर्सचे पाकीट. या दुसऱ्याला वाईट सवयी लागल्या, असा निवाडा आपण चटकन करतो आणि त्याच्या आईला दोष देतो.

परंतु रुची घडावी लागते. अनोळखी भाजी मुलाने स्वीकारावी म्हणून ती आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा त्याच्यापुढे ठेवावी लागते, असे बालआहाराचे अभ्यासक सांगतात. सुस्थितीतील घराला टाकलेल्या घासाची झळ लागत नाही. रोजंदारीवरील आईला मात्र मूल नक्की खाईल तेच विकत घ्यावे लागते. आपल्याला जी बेफिकिरी वाटते, तो तिचा काटेकोर हिशेब असतो.

म्हणूनच शालेय भोजनाचे मोल केवळ पोट भरण्यापुरते नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. तेथे नवी चव अंगवळणी पडेपर्यंतचा खर्च समाज उचलतो. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे ठरवले; जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवला.

मुलांना चांगल्या सवयी लावा, असा उपदेश करण्यापूर्वी आपण विचारावे : त्या सवयीची किंमत कोणी द्यायची? ती एकट्या आईवरच सोपवायची असेल, तर तिला दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.