जाणूनबुजून नाकारले काय?

साधारण काळातील चौथ्या रविवारी, उपासनेच्या 'ब' वर्षी, पहिले वाचन अनुवाद ग्रंथाच्या अठराव्या अध्यायातून होते. परमेश्वर तुमच्याच बांधवांतून माझ्यासारखा एक संदेष्टा उभा करील, असे मोशे तेथे इस्राएल लोकांना सांगतो. आम्ही ते ऐकतो, देवाला धन्यवाद देतो आणि स्तोत्राकडे वळतो. तो संदेष्टा कोण, हा प्रश्न आमच्यापुरता सुटलेला आहे. शलमोनाच्या देवडीत संत पेत्राने हेच वचन प्रभू येशूला लावून दाखविले; तीच आमची श्रद्धा. परंतु ज्यांच्यापुरता तो प्रश्न सुटला नाही, त्यांच्याविषयी आम्ही शतकानुशतके काय बोलत आलो, ह्याचा विचार करू लागलो की मन अस्वस्थ होते.

यहुदी लोकांची ती प्रतीक्षा खरी होती. मक्काबींच्या पहिल्या ग्रंथात शिमोनाला अधिकार दिला गेला तोही विश्वासू संदेष्टा येईपर्यंतच. मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांत सापडलेल्या एका लिखाणात अनुवादातील हेच वचन उतरवून ठेवलेले आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला यरुशलेमहून आलेल्या याजकांनी विचारले ते तीन प्रश्न तर सर्वांना ठाऊक आहेत: ख्रिस्त, एलिया आणि 'तो संदेष्टा' ह्यांपैकी तू कोण? (एलियाची वाट तर आमच्या कोकणातही पाहिली गेली. अलिबाग परिसरातील बेने इस्राएल मंडळी एलियाच्या नावे मलिद्याचे ताट मांडून मराठीतून संसार करीत आली, हे येथे सहज आठवले.)

ह्या प्रतीक्षेची कसोटी पुढे सातव्या शतकात अरबस्तानात लागली. मक्केच्या उत्तरेस तीनशेहून अधिक किलोमीटरवर यस्रिब नावाची खजुरीच्या बागांची वस्ती होती. तीच पुढे मदीना झाली. तेथे औस आणि खझरज ह्या अरब टोळ्या आणि त्यांच्या शेजारी कैनुका, नझीर व कुरैझा हे प्रमुख यहुदी कबिले राहत. औस-खझरजांचे जुने वैर होते आणि यहुदी कबिले त्या वैरात दोन्हीकडे वाटले गेले होते. इब्न इसहाक हा आठव्या शतकातील पैगंबरचरित्रकार सांगतो की, तंटा विकोपाला गेला म्हणजे यहुदी आपल्या मूर्तिपूजक शेजाऱ्यांना धमकावीत: संदेष्ट्याच्या आगमनाची वेळ जवळ आली आहे, तो आला की त्याच्या पाठीशी राहून आम्ही तुमचा नायनाट करू. पुढे सुमारे 620 साली मक्केजवळ अकबा येथे खझरजांच्या काही यात्रेकरूंची महंमद पैगंबरांशी गाठ पडली. त्यांचे बोलणे ऐकून ते आपसात म्हणाले की, यहुदी ज्याची भीती घालतात तो हाच असावा, त्यांनी आपल्याआधी त्याला गाठता कामा नये. वाट एकाने पाहिली आणि दार दुसऱ्याने उघडले. देवाचे वचन शेजाऱ्यावर उगारण्याची काठी झाले होते. ती काठी शेवटी शेजाऱ्याच्याच हाती गेली.

622 साली पैगंबर मदीनेत आले. आरंभीचे दिवस सलोख्याचे होते. तेव्हाच्या करारनाम्यात यहुद्यांना त्यांचा धर्म व मुसलमानांना त्यांचा धर्म, अशी मोकळीक होती. मुसलमान यरुशलेमकडे तोंड करून प्रार्थना करीत. आशुराचा उपवासही मोशेच्या आठवणीचा मानला गेला. पण बहुसंख्य यहुद्यांनी त्यांना संदेष्टा मानले नाही. 624 मध्ये प्रार्थनेची दिशा मक्केकडे वळली. त्याच वर्षी कैनुका व पुढील वर्षी नझीर हद्दपार झाले. 627 मध्ये शत्रूला साहाय्य केल्याच्या आरोपावरून कुरैझांच्या पुरुषांचा वध झाला, बायकामुले गुलाम झाली. इब्न इसहाक मृतांचा आकडा सहाशे ते सातशे देतो आणि अधिक सांगणारेही आहेत, असे नमूद करतो. राजकारण, टोळ्यांची वैरे, युद्धाची भीती असे सारेच त्यात होते. केवळ धर्ममतावरून हे घडले, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

ह्या साऱ्यात एक लहानशी कथा आम्हाला सोडीत नाही. नझीरांचा पुढारी हुयय्य इब्न अख्तब आणि त्याचा भाऊ अबू यासिर पैगंबरांना पाहायला पहाटेच कुबा येथे गेले. सूर्यास्ताला परतले ते थकून, पाय ओढीत. हुयय्यची लाडकी लेक साफिया नेहमीप्रमाणे धावत सामोरी गेली. कोणीही तिच्याकडे पाहिले नाही. तिने काकांना विचारताना ऐकले, तो हाच काय? वडील म्हणाले, होय. तू ओळखलेस? होय. मग मनात काय आहे? वडील उत्तरले, जिवंत असेपर्यंत वैर.

कथा हृदयाला भिडते खरी, पण ती आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आली, तेही पाहिले पाहिजे. हुयय्य कुरैझांबरोबर मारला गेला. साफियाचा पती 628 मध्ये खैबर येथे मारला गेला, ती बंदिवान झाली आणि नंतर पैगंबरांची पत्नी झाली. तिची ही आठवण मुस्लिम परंपरेने जपली आहे. हुयय्यची बाजू सांगणारा एकही कागद उरलेला नाही. पराजिताने मनातून ओळखले होते आणि तरी नाकारले, ही गोष्ट जेत्याच्या घरी सांगितली गेली. कुराणाच्या दुसऱ्या सुरेतही, पोटच्या मुलांना ओळखावे तसे ते ओळखतात पण त्यांतील काही सत्य लपवितात, असा ठपका आहे. तिसऱ्या सुरेत मात्र ते सगळे सारखे नाहीत, असेही म्हटले आहे.

येथे कोणी कॅथलिक वाचक मुसलमानांकडे बोट दाखवू लागेल, तर त्याने क्षणभर थांबावे. नेमका हाच आरोप आमच्या प्रवचनांतून यहुद्यांवर शेकडो वर्षे झाला. संदेष्ट्यांचे ग्रंथ त्यांच्या हाती होते, तरी त्यांनी डोळे मिटून घेतले, असे आम्ही म्हणालो. गुड फ्रायडेच्या प्रार्थनेत त्यांच्यासाठी अविश्वासूपणाचा शब्द होता. पोप तेविसावे योहान ह्यांनी तो 1959 साली काढून टाकला. 632 च्या सुमारास सम्राट हेराक्लियसने यहुद्यांचा सक्तीने बाप्तिस्मा करविला. त्याच काळाच्या पार्श्वभूमीवरील एका ख्रिस्ती ग्रीक ग्रंथात एक वृद्ध यहुदी शास्त्री अरबांतील नव्या संदेष्ट्याविषयी विचारले असता म्हणतो की, संदेष्टे तलवार घेऊन येत नाहीत. हे वाक्य लिहिणाऱ्या ख्रिस्ती लेखकाला स्वतःच्या सम्राटाची तलवार दिसली नसावी.

आणि आरोपीच्या पिंजऱ्यात आम्हीही उभे आहोत. इब्न इसहाकनेच संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील कैवाऱ्याचे वचन पैगंबरांना लावले आहे. आम्हाला तेथे पवित्र आत्मा दिसतो. एखाद्या सश्रद्ध मुसलमानाच्या दृष्टीने मात्र आमच्याच ग्रंथात लिहिलेले आम्ही मानीत नाही. आम्ही जाणूनबुजून नाकारतो काय? मुळीच नाही, आम्ही ते वचन श्रद्धेने वाचतो आणि आम्हाला दुसरेच दिसते. हे उत्तर आम्हाला पुरते, तर तेच उत्तर अनुवादाचा अठरावा अध्याय वाचणाऱ्या यहुद्याला का पुरू नये?

म्हणून सर्व वाचने सारखीच खरी, असे आम्ही म्हणत नाही. प्रभू येशूविषयीची आमची साक्ष आम्ही मागे घेत नाही. प्रश्न सत्याचा नाही, अपराधाचा आहे. सेमिनरीत संत थॉमस अक्वायनास शिकताना एका ठिकाणी आम्ही दचकलो होतो. ख्रिस्तावरील श्रद्धा स्वतः चांगली व तारणाला आवश्यक आहे. परंतु एखाद्याच्या बुद्धीला ती वाईट वाटत असूनही त्याने ती स्वीकारली, तर त्याची इच्छा वाईटच ठरते, असे तो महापंडित लिहितो. अर्थात, बुद्धी चुकली ती आपल्याच निष्काळजीपणाने चुकली असेल, तर दोष सुटत नाही, हेही तो लगेच सांगतो. पण तो निष्काळजीपणा कोणाच्या अंतःकरणात होता, हे दुरून कोण पाहणार? 28 ऑक्टोबर 1965 रोजी व्हॅटिकन विश्वपरिषदेने, प्रभूच्या दुःखसहनाचा दोष तेव्हाच्या सरसकट सर्व यहुद्यांवर वा आजच्या यहुद्यांवर लादता येत नाही, असे घोषित केले. 2001 साली पोपमहाशयांच्या बायबल आयोगाने त्याही पुढे जाऊन, यहुद्यांची मसीहाची प्रतीक्षा व्यर्थ नाही, असे म्हटले. आमच्या पिढीतील कितीतरी घरांत हे अजून पोहोचलेले नाही.

त्याच मदीनेत मुखैरिक नावाचा एक धनवान यहुदी पंडित होता. 625 साली उहुदच्या लढाईचा दिवस शब्बाथाचा होता. पैगंबरांना साहाय्य करणे आपल्यावर बंधनकारक आहे, असे त्याने आपल्या लोकांना सांगितले. त्यांनी शब्बाथाकडे बोट दाखविले. आपण मेलो तर आपली मालमत्ता महंमदांची, ती त्यांनी हवी तशी खर्चावी, असे सांगून तो तलवार घेऊन निघाला आणि त्या दिवशी मारला गेला. त्याने इस्लाम स्वीकारला होता की नाही, ह्यावर मुस्लिम परंपरेत एकमत नाही. मुखैरिक हा यहुद्यांतील सर्वोत्तम, असे पैगंबर त्याच्याविषयी म्हणाले, असे इब्न इसहाक सांगतो. त्याच्या खजुरीच्या बागांचे उत्पन्न पुढे मदीनेत दानधर्माला लागले.