पांढरी रिंगणी

जुन्या जालन्यात, कुंडलिकेच्या काठच्या पडीक जमिनीवर भुईरिंगणी पसरलेली असते. पानापानांवर काटे, जांभळी फुले आणि पिकल्यावर पिवळी पडणारी बोराएवढी फळे. दशमुळांत तिची गणना होते. खोकल्यावर व दम्यावर वैद्य ती देतात. क्वचित एखाद्या झाडाला पांढरे फूल येते. वनस्पतिशास्त्राच्या लेखी जात तीच, रंग तेवढा निराळा. भावप्रकाश निघंटूने मात्र पांढरीला चंद्रपुष्पा, लक्ष्मणा आणि गर्भदा अशी नावे दिली आहेत. या शेवटच्या नावापायी लोक तिच्या शोधात असतात, आणि सापडली की मुळासकट उपटतात.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी ती शोधून देण्याची गळ आम्हांस घातली. त्यांना दोन मुली आहेत. भिडेपोटी आम्ही होकार दिला व दोन सकाळी नदीकाठ पालथा घातला. पांढरे फूल आढळले नाही. परतताना मात्र ध्यानात आले की, जांभळ्या फुलांच्या एवढ्या ताटव्यांवर नजर टाकून ‘ही नव्हे, ही नव्हे’ एवढेच आम्ही म्हणत आलो होतो.

त्या रात्री उत्पत्तीचा ३० वा अध्याय काढून वाचला. राहेल लेआकडून मँड्रेकची फळे मागून घेते. (मँड्रेक हीदेखील रिंगणीच्याच, म्हणजे वांग्याच्या कुळातली.) फळे राहेलच्या हाती गेली आणि गर्भ राहिला तो ती देऊन टाकणाऱ्या लेआला! तिला आणखी दोन पुत्र झाले, मग दीना ही कन्या. राहेलची कूस पुढे उघडली. पण ती परमेश्वराने तिची आठवण केली म्हणून, असे शास्त्र सांगते. फळांचा तेथे उल्लेखही नाही.

इतर जीवजाती म्हणजे केवळ माणसाने वापरावयाची साधने नव्हेत, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात बजावले. ते झाडाझुडपांविषयी आम्हांस चटकन पटते. पण अपत्याकडेही आपण ‘हवे ते’ आणि ‘नको ते’ अशा दृष्टीने पाहतो काय? ज्या घरात दोन मुली खेळत आहेत, त्या घरासाठी आम्ही नेमके काय शोधावयास निघालो होतो?

रविवारी मिस्सानंतर ते गृहस्थ भेटले. दोघी मुली त्यांचा हात धरून उभ्या होत्या. “झाड मिळाले नाही,” एवढेच आम्ही म्हणालो. त्यांनी पुढल्या पावसाळ्यात पुन्हा पाहण्याची विनंती केली, आणि आम्ही मान हलवली.