कापलेलं आकाश

गेल्या दिवाळीत शहाद्याला घरी गेलो तेव्हा आजीला फोनवर 'संत तुकाराम' लावून दिला. दामले-फत्तेलालांचा, प्रभातचा, 1936 सालचा. तिने तो लहानपणी जत्रेतल्या तंबूत पाहिला होता. फोन आडवा धरला तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. सवयीने दोन बोटांनी चित्र ताणलं, स्क्रीन भरून टाकली. आजी खूश.

शेवटी तुकाराम वैकुंठाला निघतात, जिजाई मागे राहते. तेव्हा आजीने विचारलं, "ती वर कोनले देखी ऱ्हायनी रे?"

वरचं आकाश मी कापलं होतं.

हिशोब सोपा आहे. त्या काळच्या चित्राची रुंदी उंचीच्या साधारण 1.37 पट असायची. माझ्या फोनची स्क्रीन 20:9, म्हणजे जवळजवळ 2.22 पट. फोन असा लांबुळका असतो, कारण तो एका हातात मावला पाहिजे आणि अंगठ्याने सरकवता आला पाहिजे. सिनेमाचा विचार त्यात नंतर येतो. जुना सिनेमा त्यावर पूर्ण ताणला की वरचं-खालचं मिळून सुमारे 38 टक्के चित्र जातं. साध्या 16:9 व्हिडिओचंसुद्धा 20 टक्के.

मला हे लागलं, कारण व्हिडिओ दाखवणारी ॲप्स बनवणं हेच माझं काम. 'काळ्या पट्ट्या काढा' अशा तक्रारी यायच्या, म्हणून आम्ही आपोआप स्क्रीन भरायची सोय केली. नंतर कोणी ती बंद केली नाही. आम्ही म्हणालो, बघा, लोकांना हेच आवडतं.

पण काय गेलंय हेच माहीत नसेल, तर त्याला आवड म्हणायचं का?

'सिनेमा थिएटरातच बघावा' हा उपदेश मला पटत नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर राहणाऱ्याने थिएटर गाठायला किती घाट उतरायचे? आणि आजीच्या तंबूत तरी दिग्दर्शकाच्या मनातला सिनेमा कुठे होता? पडदा ठिगळांचा, रीळ मध्येच तुटायचं. पण ते सगळ्यांना दिसायचं. रीळ तुटलं की तंबूभर शिट्ट्या वाजायच्या. मी केलेली काटछाट मात्र कोणाला दिसतच नाही, मग शिट्टी कोण मारणार?

माझ्या मते प्रश्न पडद्याच्या आकाराचा नाहीच. लहान पडद्यावर बघणं ही बघणाऱ्याची अडचण किंवा निवड असते. त्याला न सांगता चित्र कापणं हा माझा निर्णय असतो, आणि तो मी त्याच्या नावावर खपवतो. काळी पट्टी निदान खरं सांगते, की चित्र इथे संपलं.

मी आजीला तोच प्रसंग दोन्ही प्रकारे दाखवला. तिने दोन्ही नीट पाहिले आणि फर्मान काढलं: अभंगांना मोठं ठेव, माणसांचे चेहरे दिसतात, विमान आलं की लहान कर.

सुट्टीवरून परतल्यावर टीमच्या मीटिंगमध्ये मी एवढंच म्हटलं, आधी पूर्ण चित्र दाखवू, मग विचारू. त्यावर अजून चर्चा चालू आहे.