कुणाचा रे तू?

राजूरच्या स्टँडवर उतरलं की ओळख नसलेला एखादा म्हातारा हमखास विचारतो, "कुणाचा रे तू?" वडिलांचं नाव सांगितलं की तो आजोबांवर जातो, मग आळीवर, आणि मगच हसतो. कॉलेजात असताना या प्रश्नाचा राग यायचा. आता सॉफ्टवेअरमध्ये काही वर्षं काढल्यावर कळतं, की ही साधी पडताळणी आहे. नाव कुणीही सांगेल; त्या नावामागे कोण उभं आहे, हे म्हातारा तपासत असतो.

ई-मेलनं हा प्रश्न मुळात विचारलाच नाही. 1982 साली जॉन पोस्टेल यांनी मेल पाठवण्याचे नियम लिहिले, तेव्हा नेटवर्कवर मोजकी विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या. परक्याची भीती नव्हती. त्यामुळे पाठवणाऱ्याचं नाव पाकिटाच्या कोपऱ्यात लिहिलेल्या पत्त्यासारखं राहिलं. वाटेल ते लिहा, पत्र पोचतं.

ही उणीव पुढे डीएनएसच्या मदतीनं भरून काढली. डीएनएस म्हणजे कुठल्या नावाचा पत्ता काय, हे सांगणारी जगाची उघडी नोंदवही. डोमेनच्या मालकानं तिथे तीन गोष्टी लिहायच्या. एसपीएफ : माझ्या नावानं कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात. डीकेआयएम : पत्रावरची सही तपासायची किल्ली. डीमार्क : तपासणीत नापास झालेल्या पत्राचं काय करायचं. तीन ओळींचं काम.

गेल्या दिवाळीत आत्यानं फोन पुढे केला. "ही पतसंस्थेची पावती उघडत नाही, बघ जरा." मेल खरा होता, पावतीही उघडली. सवयीनं मी त्या डोमेनच्या नोंदी पाहिल्या. त्यात गैर काही नाही, दुकानाची पाटी वाचण्यासारखं आहे. एसपीएफच्या शेवटी उणे चिन्ह हवं होतं, तिथे अधिक होतं. उणे म्हणजे, यादीबाहेरच्याला नाकारा. अधिक म्हणजे, कुणीही आलं तरी आपलंच समजा. डीमार्क तर नव्हताच. त्या संस्थेच्या नावानं ठेवीदारांना कुणीही पत्र पाठवू शकलं असतं.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांकडे गेलो. त्यांनी आधी विचारलं, "कुणाचा रे तू?" ओळख पटली, चहा आला. सांगितलेलं मात्र पटेना. शेवटी तेच म्हणाले, "दाखव बरं पाठवून." त्यांच्यासमोर, त्यांच्याच फोनवर, अध्यक्षांच्या नावानं एक मेल पाठवला. तो नीट इनबॉक्समध्ये जाऊन बसला. ते बराच वेळ फोनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चार दिवसांत करून घेतो. पण कुठं बोलू नकोस. लोक ठेवी काढायला लागतील."

हे म्हणणं खोटं नव्हतं. पतसंस्थेतली ठेव कपाटात पडून नसते, कुणाच्या तरी कर्जात गुंतलेली असते. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. व्हॉट्सॲपवर माझं एक वाक्य फिरलं असतं, तर भामट्याच्या आधी अफवेनंच संस्था बुडवली असती. मी गप्प बसलो. फक्त आत्याला सांगितलं, की या नावानं आलेल्या कुठल्याही मेलवर विश्वास ठेवू नकोस.

चार दिवसांचे दोन महिने झाले. वेबसाइट बनवून देणारा मुलगा गाव सोडून गेला होता आणि डोमेनचा पासवर्ड त्याच्याकडेच होता. मी फोन केला की उत्तर यायचं, "आमचं डोमेन आहे, आम्ही बघतो ना."

या काळात मला डॅन कॅमिन्स्की आठवत होता. 2008 साली त्याला खुद्द डीएनएसमध्ये असं भोक सापडलं, की कुठल्याही नावाचा पत्ता बदलून लोकांना भलतीकडे नेता आलं असतं. त्यानं बोभाटा केला नाही. मार्चमध्ये मोजक्या तज्ज्ञांची गुपचूप बैठक झाली आणि 8 जुलैला अनेक कंपन्यांनी एकाच दिवशी दुरुस्ती बाहेर काढली. म्हणजे गप्प तोही बसला होता. पण त्याच्या गप्प बसण्याच्या आत काम चालू होतं आणि त्याला शेवटची तारीख होती. माझ्या गप्प बसण्यात दोन्ही नव्हतं. ती नुसती भीड होती.

संक्रांतीला घरी गेलो. तिळगूळ हातावर ठेवताना आत्यानं सहज विचारलं, "मेलचं ते शेजारच्या काकूंना सांगितलंस का रे? त्यांचीही ठेव तिथंच आहे."

नव्हतं सांगितलं.

त्याच दिवशी व्यवस्थापकांना तारीख दिली. महिनाअखेरपर्यंत झालं नाही, तर सर्ट-इनला कळवेन. अशा त्रुटींची दखल घेणारी ती केंद्र सरकारची यंत्रणा. ते चिडले. पण काम झालं. अधिकचं उणे झालं, डीमार्कची ओळ आली.

"आमचं डोमेन" या शब्दांत मला आता चूक दिसते. घराला कुलूप न लावणाऱ्याचं स्वतःचं घर फुटतं. इथे दार उघडं टाकणाऱ्याचं काही जात नाही. खोटं पत्र जातं ते आत्याला, काकूंना. डोमेनचे पैसे संस्था भरते, पण त्या नावाला किंमत येते ती विश्वास ठेवणाऱ्यांमुळे. म्हणून ते नाव संस्थेकडेही ठेव म्हणूनच असतं. रिझर्व्ह बँकेनं बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत 'बँक डॉट इन' या राखीव नावाखाली यायला लावलं, ते याचसाठी. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्या नावाची राखण त्यांनीच करायची, आणि ज्याला भोक दिसलं त्यानं.

त्या दोन महिन्यांत कुणाचे पैसे गेल्याचं कानावर आलं नाही. तरी हिशेब जुळत नाही. धोका माहीत असताना मी आधी माझं माणूस बाजूला काढलं आणि बाकीच्यांना तिथंच ठेवलं. व्यवस्थापकांना संस्था वाचवायची होती, मला आत्या. काकूंचं कुणीच नव्हतं.

परवा पुन्हा स्टँडवर उतरलो. म्हाताऱ्यानं विचारलं, "कुणाचा रे तू?" वडिलांचं नाव सांगितलं. या वेळी उत्तर अपुरं वाटलं.